ओट्याचा इसार

“ताठ उभ्या राहा वैनी, खांदे पाडू नका,” तातोबा मिस्त्री म्हणाला, तशी मी स्वयंपाकघरातल्या रस्त्याकडच्या खिडकीच्या भिंतीला पाठ टेकवून शाळेतल्या पोरीसारखी उभी राहिले. त्याने मला हात कोपरात दुमडायला सांगितला, कोपराखाली स्वतःची चार बोटं आडवी धरली आणि त्याच्या खाली गेरूच्या खड्याने भिंतीवर लांब रेघ ओढली. मग दोन पावलं मागे सरून, एक डोळा बारीक करून त्याने ती रेघ पाहिली आणि सहज म्हणून विचारलं, “सैपाक तुम्हीच करता न्हवं?”

“हो, मीच,” मी म्हणाले.

आता इतक्या वर्षांनी खरं सांगायला काय जातं? त्या घरात मी सकाळचा चहा करत होते आणि रविवारी बटाट्याचा रस्सा. बाकी सगळं आत्याबाई करायच्या, म्हणजे माझ्या सासूबाई. मी कराडच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. कधी सकाळची ड्यूटी, कधी दुपारची. पण परक्या माणसासमोर ‘सासू रांधते आणि मी खाते’ असं कोण सांगेल? म्हणून तोंडातून ‘मीच’ निघून गेलं. आत्याबाई तिथेच उंबऱ्याशी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढची जुडी घेतली.

मी त्याच्या हातात एकशे एक रुपये इसार ठेवला. आत्याबाईंनी उठून वरच्या नोटेला कुंकू लावलं, पानसुपारी दिली, आणि तातोबाने उंबऱ्यावर नारळ फोडला. सोमवारी विटा घेऊन येतो म्हणाला.

सालच सांगायचं तर एक्क्याऐंशी. त्या वेळी आमच्याकडे स्वयंपाक जमिनीवर बसून व्हायचा. आतल्या कोपऱ्यात चूल, शेजारी रॉकेलचा स्टोव्ह, आणि समोर धुराने काळी कुळकुळीत झालेली भिंत. आत्याबाई लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून त्याच कोपऱ्यात, त्याच भिंतीकडे तोंड करून बसत आल्या होत्या. धुराने डोळ्यांतून सारखं पाणी यायचं, गुडघे तर उठता-बसता करकर वाजायचे. पाच वर्षांपूर्वी मी गॅससाठी नंबर लावला होता, तो त्या महिन्यात लागला. पण एजन्सीचा माणूस घर बघून गेला आणि म्हणाला, शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, ओटा नसेल तर गॅस मिळणार नाही. महिनाअखेरपर्यंत ओटा झाला नाही तर नंबर पुढच्याला. पुढच्याला म्हणजे आणखी पाच वर्षं! मी लगेच मिस्त्री शोधला. एक्सचेंजमधल्या एका मैत्रिणीच्या घरची मोरी तातोबाने केली होती आणि त्या मोरीत पाण्याचा थेंब साचत नव्हता. मला तेवढी शिफारस पुरली.

आमच्या ह्यांना मात्र पहिल्यापासून पसंत नव्हतं. हे एस.टी. डेपोत हिशेबनीस, त्यामुळे जगातला प्रत्येक माणूस पैसे घेऊन पळण्याच्या तयारीत आहे असं त्यांचं ठाम मत. आधी काम मग दाम, हे त्यांचं ब्रीद. मी म्हटलं, पैसे माझ्या पगारातले आहेत, आणि त्यातही हे सगळं मी तुमच्या आईसाठी करतेय, त्यांचे गुडघे बघा, त्यांचे डोळे बघा. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. आईचं नाव काढलं की हे नेहमी वर्तमानपत्र धरायचे.

सोमवारी मी ड्यूटीवरून घरी आले तर विटा नाहीत, वाळू नाही, तातोबा नाही. आत्याबाई शांतपणे तांदूळ निवडत होत्या. मिस्त्री आला होता का, विचारलं तर मान न वर करता म्हणाल्या, कुठला येतोय.

मंगळवार गेला, बुधवार गेला. मी दोनदा निरोप पाठवला, उत्तर नाही. एकदा दत्त चौकात मला तो लांबून दिसला, मी हाक मारली, तर हा बाबा सायकल वळवून गल्लीत शिरला! आता माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला काय हवं? घरी ह्यांनी एक अक्षर काढलं नाही, पण जेवताना आपलेआपणच हसायचे. ते हसणं मला एकशे एक रुपयांपेक्षा महाग पडलं.

मग मी दुसरा मिस्त्री गाठला. तो घरात आला, भिंतीवरची गेरूची रेघ बघितली आणि उंबऱ्यातूनच मागे फिरला. तिसऱ्याने तेच केलं. तेव्हा मला कळलं की मी नुसते पैसे दिले नव्हते. गवंड्यांत रीत अशी की एकदा मिस्त्रीने इसार घेऊन भिंतीवर रेघ ओढली की ती भिंत त्याची. तो काम पुरं करेपर्यंत किंवा इसार परत करून स्वतःच्या हाताने रेघ पुसेपर्यंत दुसरा कुणी त्या भिंतीला थापी लावणार नाही. तिसरा मिस्त्री वयाने मोठा होता. त्याने मला समजावून सांगितलं की बाई, तातोबाला भेटा, तो पैसे बुडवणाऱ्यांतला नाही, काहीतरी कारण असेल. मी म्हटलं, कारण काय असायचंय, पैसे खर्चून बसला असेल.

अकरा दिवस गेले. बारावा दिवस रविवारचा. महिना संपायला दहा दिवस उरले होते. मी जेवण झाल्यावर भर दुपारी पदर खोचला आणि तातोबाच्या घरी गेले.

मला तोंड आहे हे अख्ख्या कराडला माहीत होतं. दिवसभर हॅलो हॅलो करून आवाजही चांगला तयार झाला होता. तातोबा घराबाहेर बाजेवर बसून मुलीच्या पाटीवर मुळाक्षरं गिरवून देत होता. मी गल्लीच्या तोंडाशीच सुरुवात केली. काय काय बोलले ते आता आठवून मलाच लाज वाटते. गल्लीतल्या बाया दारात आल्या, एक म्हातारा तर चिलीम हातात तशीच धरून उभा राहिला. तातोबा उठून खाली मान घालून उभा होता आणि तो काहीच बोलत नाही हे बघून मला जास्तच चेव आला.

“लोकांच्या इसारावर घर चालवता होय?” मी म्हणाले. “याला सरळ चोरी म्हणतात, मिस्त्री.”

तो आत गेला आणि रुमालाची गाठ घेऊन बाहेर आला. माझ्यासमोर गाठ सोडली. माझेच पैसे होते. एकही नोट मोडलेली नव्हती, वरच्या नोटेवर आत्याबाईंनी लावलेलं कुंकू तसंच होतं.

“घ्या वैनी,” तो म्हणाला. “सांजच्याला येऊन रेघ पुसून जातो. दुसऱ्याकडनं करून घ्या.”

मी पैसे घेतले, पण पाय तिथून हलेना. ज्याने पैसे खर्चले नाहीत तो काम का करत नाही? आणि काम करायचं नव्हतं तर पैसे आधीच का परत केले नाहीत? मी तसं विचारलं. तो रुमालाची घडी घालत राहिला. तेवढ्यात त्याची बायको दारात आली. काटकुळी, पण माझ्याच जातकुळीची, म्हणजे तोंडाची.

“सोन्यासारखा माणूस माझा, आन् त्याला भर गल्लीत चोर म्हणता?” ती म्हणाली. “तुमच्या घरात इचारा की आधी.”

तातोबा तिला म्हणाला, तू गप बस. ती बसली नाही. सांगा, न्हाईतर मी सांगते, म्हणाली. तेव्हा कुठे त्या भल्या माणसाने मला बाजेवर बसायला सांगितलं आणि घडलं ते सांगितलं.

तो सोमवारी आला होता. ठरल्याप्रमाणे, हातगाडीवर विटा घालून. मी ड्यूटीवर, हे डेपोत. आत्याबाईंनी त्याला चहा दिला आणि विचारलं, ओटा केवढा उंच व्हायचा? त्याने रेघ दाखवली. आत्याबाई उठल्या आणि त्या रेघेजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मी साडेपाच फूट उंच. माहेरी मला शिडी म्हणायचे. आत्याबाई जेमतेम साडेचार फूट, त्यात पाठीला बाक आलेला. रेघ त्यांच्या छातीला लागली. त्यांनी हात वर करून भाकरी थापल्यासारखं करून पाहिलं, म्हणे. मग हात खाली घेतले आणि भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

“मला म्हणाल्या,” तातोबा सांगत होता, “‘मी म्हातारी हाय तवर थांब, बाबा. माझ्या माघारी खुशाल बांध. तिला काय, सबंद जन्म पडलाय. मला चुलीपुढनं उठवलं तर मी कुठं बसू?’ असं म्हणाल्या. आन् तुम्हाला सांगायचं न्हाई म्हणून माझ्याकडनं वचन घेतलं. वैनी, इसार तुमचा, पर त्या घरातली थोरली बाई ती. पैसं परत द्यायला आलो असतो तर तुम्ही कारण इचारलं असतं. मग विटा माघारी नेल्या आन् तोंड चुकवत फिरलो.”

मी त्याच्या बाजेवर बसून राहिले. आयुष्यात मला इतकी शरम कधी वाटली नव्हती आणि नंतरही कधी वाटली नाही. अकरा दिवस मी अख्ख्या पेठेत सांगत होते की आत्याबाईंसाठी करतेय, त्यांचे गुडघे, त्यांचे डोळे. आणि भिंतीशी उभी कोण राहिले, तर मी! त्या बाईला गॅस जाऊ दे, धूर राहू दे, गुडघे जाऊ देत, पण ते स्वयंपाकघर हवं होतं. तेवढं एकच तर त्यांचं होतं. आणि हा माणूस, ज्याची आमची ओळख चार दिवसांची, तो आत्याबाईंचं नाव बाहेर येऊ नये म्हणून चोर ठरायला तयार झाला होता.

मी उठले. गल्लीतल्या बाया अजून दारात होत्याच, तमाशा सोडून कोण जातंय? मी त्यांच्याकडे तोंड करून, मघाशी चोर म्हणाले होते त्याच आवाजात म्हटलं की चूक माझी होती, मिस्त्रींची काही चूक नाही, मी बोलले ते सगळं माघारी घेते. चिलमीवाला म्हातारा म्हणाला, झालं गेलं गंगेला मिळालं. तातोबाची बायको मात्र माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “च्या घेऊन जावा.”

चहा पिताना मी ते एकशे एक रुपये पुन्हा तातोबाच्या पुढे केले. त्याने हात मागे घेतला.

“मोडलेला इसार त्याच हातानं परत घेत न्हाईत,” तो म्हणाला. “काम लाभत न्हाई. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातचा पायजे.”

कुणाच्या हातचा, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

घरी आले तर आत्याबाई चुलीपुढे बसून संध्याकाळच्या भाकरी थापत होत्या. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांनी चमकून बघितलं, कारण मी जमिनीवर कधी बसत नसे. आता कसं बोलायचं? तातोबाने वचन मोडलं हे त्यांना कळता कामा नये.

“मिस्त्रीने पैसे परत केले,” मी म्हणाले.

“बरं.”

“म्हणतो, माप चुकलं. जो स्वयंपाक करतो त्याचं माप घ्यायचं असतं, म्हणाला. त्याने विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं होतं आत्याबाई. मी कुठे करते स्वयंपाक?”

त्यांच्या हातातली भाकरी थांबली. मग तव्यावर भाकरी टाकून, तिच्यावर पाणी फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुला कुणी काय सांगितलं का?”

“मला कोण काय सांगणार?”

“हं.” त्यांनी भाकरी उलटली. “तुला खोटं बोलायला जमत न्हाई, रोहिणी. त्या दिवशी मिस्त्रीपुढंही जमलं नव्हतं. तुझे कान लाल झालते.”

मी हसले आणि हसता हसता मला रडूच आलं. त्यांनी पिठाच्या हातानेच माझ्या पाठीवर एक धपाटा घातला आणि धूर लागतोय, तिकडे सरक म्हणाल्या. मग मी इसाराची गोष्ट काढली. मिस्त्रीला घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातचा इसार लागतो, आणि ह्यांच्या हातून आगाऊ पैसे सुटले तर सूर्य पश्चिमेला उगवेल. हे मी म्हटल्यावर त्यांनाही हसू आलं. जेवणं झाल्यावर मला त्यांनी ट्रंक उघडून द्यायला सांगितली आणि लुगड्यांच्या तळातून एक चंची काढली.

दुसऱ्या दिवशी मी एक्सचेंजमध्ये रजा टाकली. निरोप गेला तसा तातोबा सकाळीच आला. असा आला की जणू आमच्या घरी पहिल्यांदाच येतोय, कसं काय आजी, वगैरे विचारलं. आधी पाण्याचा बोळा घेऊन त्याने जुनी रेघ पुसली. आत्याबाईंनी त्याला चंचीतले एकवीस रुपये दिले, कुंकू लावून. नारळ फुटला. मग त्या डोक्यावरचा पदर सारखा करून भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. हात कोपरात दुमडला.

तातोबा गेरूचा खडा घेऊन पुढे झाला, आणि थांबला. त्याने खाली बघितलं म्हणून मीही बघितलं. आत्याबाई चवड्यांवर उभ्या होत्या. दोन्ही टाचा जमिनीपासून दोन बोटं वर, दुखरे गुडघे थरथरतायत, आणि चेहरा मात्र असा की काही झालंच नाही.

“आजी, टाचा टेका,” तातोबा म्हणाला.

“टेकल्यात की.”

“आत्याबाई, टाचा,” मी म्हणाले.

“अगं, पार ठेंगणा होईल तो,” त्या मला म्हणाल्या. “मी काय आज हाय, उद्या न्हाई. तुला जन्मभर कमरेत वाकावं लागेल.”

“वाकेन. तुम्ही टाचा टेका.”

मी त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्यांना हळूच खाली दाबलं. त्या खाली आल्या. तातोबाने चार बोटं मोजली आणि रेघ ओढली, आणि मग आम्हा दोघींकडे पाठ करून तो बराच वेळ पिशवीत काहीतरी शोधत बसला.

ओटा चार दिवसांत झाला. वर गुळगुळीत काळा कडप्पा, खाली सिलिंडरला कप्पा. गॅस एजन्सीचा माणूस आला, त्याने ओट्याकडे बघून भुवया वर केल्या आणि विचारलं की हा ओटा आहे की पाट? पण सिलिंडरपेक्षा उंच होता, त्याला नाही म्हणता येईना. महिना संपायच्या दोन दिवस आधी आमच्याकडे निळी ज्योत पेटली. आत्याबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं, आणि मग पदर खोचून उभ्या राहिल्या. जन्मात पहिल्यांदा उभ्याने भाकरी करायला.

पहिली भाकरी करपली. नवीन आहे, गॅसचा अंदाज नाही, असं आम्ही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तीन करपल्या. तिसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून येत होते तर आमच्या खिडकीतून आवाज आला, “काय गं शेवंते, माहेराला निघालीस व्हय? आन् पोराला टोपरं का न्हाई घातलं?” मी घरात जाऊन बघते तो तव्यावर काळाकुट्ट कोळसा, आणि आत्याबाई ओट्याला पोट टेकून, रस्त्याने चाललेल्या बाईशी बोलण्यात गर्क. कोण कुठे चाललंय, कुणाच्या पिशवीत काय आहे, कुणाची सून कुणाशी बोलत नाही, सगळी पेठ त्यांना तिथून दिसत होती.

रविवारी ह्यांनी ताटातली भाकरी उचलून उजेडात धरली. मागची बाजू पुरी काळी होती. आई, गॅस आल्यापासून रोज करपतंय, जरा लक्ष दे की, असं ते म्हणाले.

आत्याबाईंनी मागे वळूनही बघितलं नाही. त्या खिडकीतून बघत होत्या.

“चाळीस वर्सं भिंतीकडं तोंड करून थापल्या,” त्या म्हणाल्या, “तवा एक करपली न्हाई. आता करपल्या तर खा गपगुमान.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या ताटातली करपलेली भाकरी मोडली आणि खायला लागले. मग हेही खायला लागले.